‘समजलं नाही’ म्हणायला जागा

दहावीचा निकाल आणि पेरणी, दोन्ही एकाच सुमारास येतात. त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत जून महिन्यात एकाच कागदावर दोन हिशेब मांडलेले असतात. वर सोयाबीनचं बियाणं, खत, पाळी घालायला ट्रॅक्टर. खाली खोलीचं भाडं, मेस, क्लासची फी, पुस्तकं. मार्क चांगले पडले असतील तर खालचा हिशेब आधी भागवला जातो. आमच्या घरीही तसंच झालं. ‘खत उधारीवर मिळतंय, क्लास उधारीवर मिळत नाही,’ असं अप्पा म्हणाले आणि विषय मिटला.

मी २०१४ साली अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून अकरावी सायन्सला लातूरला आले. लोखंडी पेटी, गादीची वळकटी, बादली, धपाट्यांचा डबा आणि दहावीचे मार्क एवढं सामान होतं. उद्योग भवनाच्या परिसरात उतरलं की भिंती, खांब, गच्च्या सगळीकडे फ्लेक्स. प्रत्येक फ्लेक्सवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली आकडे. आता मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी जूनमध्ये तशीच पेटी घेऊन आलेली मुलं माझ्यासमोर बसतात. म्हणून अकरावी-बारावीच्या त्या दोन वर्षांबद्दल नीट लिहावंसं वाटलं. ती कशी काढायची यावर भाषणं पुष्कळ होतात. पहाटे चारला उठा, मोबाईल बंद ठेवा, बारा तास बसा. हे सगळं करणारी आणि तरीही मनातून खचत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हाताशी जे नव्हतं, ते या भाषणांत कुठेच येत नाही.

‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलेल्या अभ्यासपद्धतीचं मूळ काय होतं, हे आजच्या मुलांना बहुधा ठाऊक नसतं. नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं दिसू लागली तेव्हा पुण्या-मुंबईत आश्चर्य झालं. निजामाच्या राजवटीतून १९४८ साली सुटलेला, शाळा-कॉलेजांत मागे राहिलेला हा भाग. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय ही नावं तेव्हा घराघरांत पोचली. शाहूचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचं नाव या पॅटर्नशी कायमचं जोडलं गेलं. पद्धत साधी आणि कष्टाची होती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या, तपासून चूक कुठे झाली ते मुलाला दाखवायचं, आणि तीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवून घ्यायची. मेडिकलचा प्रवेश तेव्हा बारावीच्या गुणांवर होत असे, त्यामुळे एकेका गुणाला मोल होतं. या पद्धतीवर घोकंपट्टीचा आरोप झाला, तो काही अंशी खराही आहे. पण तिच्यात एक फार मोलाची गोष्ट होती, ती म्हणजे चुकलेला पेपर हातात घेऊन मुलाशेजारी बसलेला मास्तर. पुढे शहर वाढलं, क्लास वाढले, बॅचमधली मुलं पन्नासाची तीनशे झाली. प्रश्नपत्रिका तशाच राहिल्या, किंबहुना दर रविवारी येऊ लागल्या. शेजारी बसणारा मास्तर मात्र उरला नाही. तीनशे जणांच्या शेजारी कोण बसणार?

माझं दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून झालं. अकरावीला पहिल्या दिवशी सर कॉलरला माईक लावून इंग्रजीत शिकवू लागले. मधूनमधून मराठी वाक्य यायचं, ते बहुतेक दरडावण्याचं असायचं. मी वहीत भराभर उतरवून घेत होते. काय उतरवतेय ते कळत नव्हतं. सरांनी विचारलं, ‘समजलं का?’ पूर्ण हॉल एका आवाजात म्हणाला, ‘हो सर.’ माझाही आवाज त्यात होता. तो ‘हो’ खोटा होता असंही मला म्हणवत नाही. शेजारची मान डोलावतेय, पुढची डोलावतेय, मग न समजणारी मी एकटीच आहे असं वाटतं, आणि एकटं दिसायला पंधरा-सोळाव्या वर्षी कुणालाच नको असतं. पुढे कळलं की त्या दिवशी शेजारचीलाही काही कळलं नव्हतं, पुढचीलाही नव्हतं.

या दोन वर्षांतलं सगळ्यात कठीण काय, असं मला मुलं विचारतात. त्यांना वाटतं मी फिजिक्स म्हणेन. फिजिक्स कठीण आहेच, विशेषतः गणित सोडून नुसतं पीसीबी, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, घेतलेल्यांना. पण अभ्यासक्रम कितीही मोठा असला तरी तो छापलेला असतो, त्याला शेवटचं पान असतं. न समजल्याची गोष्ट मनात दाबून बसण्याला शेवट नसतो. पहिल्या धड्यात दाबलेलं तिसऱ्या धड्यात आडवं येतं, तिथलं सातव्यात. दिवाळीपर्यंत अशी अवस्था होते की विचारायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करावी कळत नाही. क्लास सुटल्यावर डाउट विचारायला एक काउंटर असायचं. तिथे हुशार मुलांची गर्दी. ती मुलं आणत ते डाउट आम्हाला उत्तरांसारखे वाटायचे. खेड्यातल्या मुली त्या रांगेत क्वचितच दिसत.

मला वाट सापडली ती रूमवर. माझी रूम पार्टनर कंधारकडची होती. मार्क माझ्यापेक्षा कमी, पण तिला एक गोष्ट यायची. न कळलेलं ती सरळ बोलून दाखवायची, आणि त्यात तिला काहीच कमीपणा वाटायचा नाही. रात्री जेवणं झाली की ती म्हणायची, ‘आज मूत्रपिंडाचं जे शिकवलं ते मला कळालंच नाही. तू सांग.’ मी वही उघडून वाचून दाखवायला लागले की वही मिटायची. ‘वाचू नको, सांग.’

तो जीवशास्त्रातला सगळ्यात अडवणारा भाग आहे. हेन्लेचा वळसा, म्हणजे मूत्रपिंडातली खाली जाऊन परत वर वळणारी बारीक नळी, आणि काउंटर करंट, म्हणजे तिच्या दोन भुजांतले उलट दिशांचे प्रवाह. खाली जाणाऱ्या भुजेतून पाणी बाहेर पडतं, क्षार जवळजवळ पडत नाहीत. वर येणाऱ्या भुजेतून क्षार बाहेर पडतात, पाणी पडत नाही. मी हे पाठ म्हणून दाखवलं. ती म्हणाली, ‘मग बाहेर पडलेलं मीठ जातंय कुठं?’ मला सांगता येईना. रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघी एका जुन्या कॅलेंडरच्या मागे आकृत्या काढत बसलो. ते मीठ मूत्रपिंडाच्या आतल्या भागात साठून राहतं, आत जावं तशी खारटपणाची पातळी तीनशेपासून बाराशेपर्यंत चढत जाते, आणि त्या खारटपणामुळेच पुढच्या नलिकेतून जाताना मूत्रातलं पाणी शरीरात परत ओढलं जातं. सुरुवातीच्या गाळलेल्या द्रवाच्या जवळजवळ चौपट दाट मूत्र माणूस तयार करू शकतो, ते या वळशामुळे. दुपारी तासात हे सगळं ऐकलं होतं, पण कळलं ते त्या रात्री, तिच्या एका साध्या प्रश्नाने.

दिवाळीत गावी गेले तेव्हा अप्पांनी सहज विचारलं, ‘काय शिकवायलेत तिकडं?’ मी बांधावर बसून काडीने मातीत तो वळसा काढून दाखवला. अप्पा सातवी शिकलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे उन्हाळ्यात बैलाचं मूत पिवळं पडतंय ते याच्यानंच का?’ हो, याच्यानंच. माझ्या इंग्रजी वहीतली गोष्ट त्यांनी बैलापर्यंत नेऊन पोचवली होती. त्या दिवसानंतर मी प्रत्येक धडा आधी मराठीत सांगून बघायला लागले, मग इंग्रजीत लिहायला. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी आजही हेच सांगते. परीक्षा इंग्रजीतून द्यायची असेल तरी समजून घ्यायला आपली भाषा वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

रविवारी टेस्ट आणि दोन दिवसांनी भिंतीवर यादी. नाव शोधायला सगळे वरून सुरुवात करायचे. काही जण खालून करायचे, त्यांना आपलं नाव लवकर सापडायचं. यादीवरून बॅच बदलायच्या. वरच्या बॅचला चांगले मास्तर, खालच्या बॅचला नवे. क्लासवाल्यांना यात गैर काही वाटत नव्हतं, आणि पालकांनाही वाटत नव्हतं, हे जास्त वाईट. मला ही विभागणी तेव्हा टोचायची, आज शिक्षक म्हणून ती चूक वाटते. प्रश्न विचारायचं धाडस असलेली मुलं वर निघून गेली की खाली उरलेला वर्ग गप्प होतो. गप्प वर्गाला शिकवणं सोपं असतं, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांत गुणांवरून बॅच वेगळ्या करू नयेत असंही सांगितलं आहे. ते वाचताना मला आमच्या शेजारच्या खोलीतली मुलगी आठवली. दोनदा बॅच खाली गेल्यावर ती बोलायची कमी झाली, मग जेवायची कमी झाली, आणि एका सकाळी तिचे वडील येऊन तिला पेटीसकट घेऊन गेले. ‘तिला झेपलं नाही,’ एवढंच सगळे म्हणाले. कित्येक आठवडे ती आमच्या भिंतीपलीकडे होती आणि तिला काय होतंय हे कुणीही विचारलं नव्हतं. ती सुखरूप घरी गेली, याला मी नशीब म्हणते. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, कोणत्याही वेळी फुकट फोन करता येतो. माझ्या वर्गात तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो.

आमची बारावी संपली ते वर्ष २०१६. लागोपाठच्या दुष्काळाने मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूरला नळ येणं जवळजवळ थांबलं होतं. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, कारण भांडणं व्हायला लागली होती. आम्ही घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असायचो, काखेत एमसीक्यूचं पुस्तक. घरमालकीण काकूंनी अंघोळीला एक बादली ठरवून दिली, मग अर्धी. त्यांच्या स्वतःच्या घरात त्याहून कमी होतं. खूप मुलं गावी निघून गेली, पण गावातही पाणी कुठे होतं? १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, सुमारे ३४० किलोमीटरवरून पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. त्या दिवसांत मूत्रपिंडाच्या धड्याची उजळणी करताना पार्टनर म्हणाली, ‘शरीराला पाणी वाचवायची अक्कल हाय, आपल्या लोकांना कधी येणार?’ पिण्याचं पाणी नसलेल्या शहरात आम्ही डॉक्टर व्हायची तयारी करत होतो, आणि हे कुणाला विचित्र वाटावं इतकी कुणाला सवड नव्हती.

त्यातच २८ एप्रिल. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मेडिकलसाठी याच वर्षी नीट, म्हणजे देशभरासाठी एकच प्रवेश परीक्षा, पहिला टप्पा तीन दिवसांनी, १ मे रोजी, आणि दुसरा २४ जुलैला. आमची राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, ५ मेला होती. दोन परीक्षांत जमीन-अस्मानाचा फरक. सीईटी राज्य मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर, चुकलं तरी गुण कापले जात नव्हते. नीटला अकरावी-बारावी दोन्ही, एनसीईआरटीच्या केंद्रीय पुस्तकांवरून, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सीईटीला अकरावी नाही म्हणून आमची अकरावी क्लासमध्ये पळवलेली होती. बातमी आली त्या संध्याकाळी मेसमध्ये ताटं तशीच राहिली. काही मुली रडत होत्या, काही घरी फोन लावत होत्या. घरच्यांना नीट म्हणजे काय हेही समजावता येत नव्हतं.

पार्टनरने त्या रात्री अकरावीच्या पुस्तकांची अनुक्रमणिका उघडली आणि प्रत्येक धड्यापुढे खूण करायला घेतली. येतं, अर्धवट येतं, येत नाही. कुणाला दाखवायचं नव्हतं, त्यामुळे खुणा खऱ्या होत्या. तिचं पान अर्ध्या तासात तयार झालं. आमच्या मजल्यावरच्या, यादीत कायम वर असणाऱ्या एका मुलीला ते करता येईना. तिला प्रत्येक धडा ‘झालेला’ वाटत होता आणि एकाही धड्याची खात्री वाटत नव्हती. दोन वर्षं ‘हो सर’ म्हणत आल्यावर आपल्याला नेमकं काय येत नाही हे माणसाला स्वतःलाही कळेनासं होतं. हे मी त्या रात्री पाहिलं आणि आजवर विसरले नाही. पुढे २४ मे रोजी अध्यादेश निघाला, राज्य सरकारच्या जागांसाठी त्या वर्षापुरती सीईटीच धरली गेली. महिनाभराची ती घालमेल मात्र कुणी परत घेतली नाही.

पुढच्या वर्षापासून नीट कायमची आली, आणि तिचं गणित तर याच गोष्टीवर उभं आहे. १८० प्रश्न, ७२० गुण. भौतिकचे ४५, रसायनचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक, सोडलं तर शून्य. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येतो, म्हणजे चार मिळवले आणि तीन घालवले, हाती एक गुण. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे ओळखता आलं तर तशाच चार प्रश्नांत दोन बरोबर, दोन चूक, हाती सहा. म्हणजे ‘अर्धवट येतं’ आणि ‘येत नाही’ यांतला फरक ओळखण्याला सरळ गुण आहेत. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं या परीक्षेला बसली, आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या थोड्या वर. त्या वर्षी पेपरफुटी, वाढीव गुण, फेरपरीक्षा हे सगळं झालं. ज्यांनी प्रामाणिकपणे एकेक प्रश्न तोलून सोडवला होता, त्या मुलांच्या रागाला शब्द नव्हते. माझ्या वर्गातही ती मुलं होती.

मला एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही. मी बीएस्सी केलं, मग एमएस्सी, बीएड. पार्टनर बीएएमएस होऊन तिच्याच तालुक्यात दवाखाना चालवते. पेशंट म्हणतात, बाई लई विचारतात. मला ते ऐकून बरं वाटतं. त्या दोन वर्षांत मी जे शिकले त्यातलं बरंचसं तिच्याकडून शिकले, आणि तिचं नाव कुठल्याही फ्लेक्सवर नव्हतं.

माझ्या वर्गात शुक्रवारचा तास चिठ्ठ्यांचा असतो. ज्याला जे कळलं नाही ते कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, डब्यात टाकायचं. सुरुवातीला डबा रिकामा राहायचा, किंवा फार हुशारीचे प्रश्न यायचे, इकडून तिकडून उतरवलेले. म्हणून पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या मीच घातल्या, अगदी साध्या, मला अकरावीत पडलेल्या प्रश्नांच्या. त्यानंतर खरे प्रश्न यायला लागले. ‘जीन आणि क्रोमोसोम यांत मोठं काय?’ ‘पान हिरवं असतं मग हिरवा प्रकाश का वापरत नाही?’ ‘मॅडम, मायटोसिस चालू असताना पेशी मरते का?’ बारावीतल्या मुलांचे प्रश्न आहेत हे, नव्वदच्या वर टक्के मिळवून आलेल्या. वाचताना मी एकदाही ‘एवढंही माहीत नाही?’ असं म्हणत नाही. प्रश्न फळ्यावर लिहिते आणि विचारते, हे आणखी कुणाला कळलं नाही? आधी दोन हात वर होतात, मग वीस.

पालक भेटायला आले की त्यांनाही मी एवढंच सुचवते की रविवारच्या फोनवर ‘किती पडले?’ विचारायच्या आधी ‘या आठवड्यात काय कळलं नाही?’ असं विचारा, आणि उत्तर आलं तर रागावू नका. कित्येक बाप गप्प बसतात. एक जण म्हणाले, ‘मॅडम, मला तरी कुठं कळतंय त्यातलं?’ मी म्हटलं, मग तर लेकरू तुम्हाला समजावून सांगेल, त्याचाच अभ्यास होईल.

चिठ्ठ्यांच्या तासाला वेळापत्रकात जागा मिळवायला बरंच बोलावं लागलं. पोर्शन मागे पडेल ही भीती सगळ्यांनाच असते, आणि ती खोटी नाही. तरी पहिलं सत्र संपताना जीवशास्त्राचा एकही धडा राहिला नाही. आता फिजिक्सच्या सरांनीही दुसऱ्या सत्रापासून असा एक तास ठेवायचं कबूल केलंय. मुलांना ते कुठून तरी कळलं, आणि माझ्याच डब्यात घर्षणाच्या आणि घूर्णन गतीच्या चिठ्ठ्या पडायला लागल्या आहेत. त्या वेगळ्या लिफाफ्यात घालून मी सरांच्या टेबलावर ठेवते.